बालसाहित्यिकांची चरित्रे : ऐकीव आणि पारखलेली

जून महिन्यात शाळा उघडल्या की अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावरील वर्गावर्गांतून नवी पाठ्यपुस्तके उघडली जातात आणि धड्याच्या किंवा कवितेच्या जोडीला चार-सहा ओळींचा लेखकपरिचय विद्यार्थ्यांच्या दृष्टीस पडतो. जन्मसाल, जन्मगाव, दोन-चार पुस्तकांची नावे आणि मृत्यूचे साल एवढाच त्याचा ऐवज. शिक्षक तो वाचून दाखवितात, विद्यार्थी वहीत उतरवून घेतात, परीक्षेत तो एक-दोन गुणांना विचारला जातो आणि जयंतीच्या दिवशी शाळेच्या फलकावर लिहिला जातो. ही माहिती मुळात कोणी, कशावरून आणि केव्हा गोळा केली, हा प्रश्न मात्र सहसा कोणाला पडत नाही. छापलेले आहे म्हणजे खरे आहे, हा समज आपल्याकडे फार खोलवर रुजलेला आहे.

राजकीय पुढारी, समाजसुधारक किंवा संत यांच्या चरित्रांची गोष्ट वेगळी. त्यांचे अनुयायी असतात, विरोधक असतात, प्रतिस्पर्धी चरित्रकार असतात. एकाने चूक केली तर दुसरा ती काढून दाखवितो. बालसाहित्यिकाला असा वाली नसतो. मुलांसाठी लिहिणे हे दुय्यम काम, अशी समजूत साहित्यव्यवहारात दीर्घकाळ राहिली आणि मुलांसाठी चित्रे काढणे हे तर त्याहूनही दुय्यम मानले गेले. परिणामी त्यांच्या चरित्रात एकदा शिरलेली चूक बाहेर पडत नाही. ती एका पुस्तकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून मार्गदर्शकात आणि तेथून शिक्षकांच्या टिपणवहीत जाते. पुढे तिला इतके आधार मिळतात की खरी माहितीच संशयास्पद वाटू लागते. हलके नाणे भारी नाण्याला चलनातून हुसकावून लावते, असा अर्थशास्त्रातील एक जुना सिद्धांत आहे. चरित्रांच्या बाजारातही तोच अनुभव येतो. सुटसुटीत, चटकदार आणि चुकीचा तपशील हातोहात फिरतो. खरा तपशील 'सुमारे', 'बहुधा', 'नोंदीनुसार' अशा शब्दांनी जड झालेला असल्यामुळे मागे पडतो.

तारखांचे कोडे

सर्वांत साधी वाटणारी आणि सर्वाधिक फसवी गोष्ट म्हणजे जन्मतारीख. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात जन्मलेल्या बहुतेक मराठी माणसांची जन्मवेळ प्रथम नोंदली गेली ती टिपणात किंवा जन्मपत्रिकेत, तिथी आणि शक यांच्या भाषेत. तिचे इंग्रजी तारखेत रूपांतर पुढे कोणीतरी केले, आणि चुका तेथेच झाल्या. शकाच्या अंकात चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे, पण जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. हा एकाचा फरक विसरला की माघात जन्मलेला लेखक वर्षभराने थोर होऊन बसतो. शिवाय पंचांगातला वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालतो. मध्यरात्रीनंतर पहाटेपूर्वी जन्मलेले मूल पंचांगाच्या हिशेबाने आदल्या दिवसाचे असते, तर इंग्रजी हिशेबाने दुसऱ्या दिवसाचे. यात प्रांतभेदाची भर पडते. कोकणात महिना अमावास्येला संपतो, माळव्यात पौर्णिमेला. शुक्ल पक्षात त्यामुळे काही बिघडत नाही, परंतु कृष्ण पक्षात महिन्याचे नावच बदलते. मराठी बालसाहित्याचे एक मोठे शिल्पकार भा. रा. भागवत यांचा जन्म १९१० साली इंदूरचा. मध्य भारतात वाढलेल्या अशा कोणाही मराठी लेखकाची तिथी हाती आली, तर ती कोणत्या पद्धतीची हे आधी विचारावे लागते.

दुसरा सापळा शाळेच्या दाखल्याचा. मूल जूनमध्ये शाळेत घालायचे, वडिलांना तारीख आठवत नाही, मग हेडमास्तर अंदाजाने वय ठरवून एक जून ही तारीख लिहून मोकळे होतात. ही प्रथा महाराष्ट्राच्या गावोगावी इतकी सर्रास होती की आज सरकारी कचेऱ्यांतून एकतीस मे रोजी निवृत्त होणाऱ्यांची रांग लागते, हे कोणताही कारकून सांगेल. शाळेच्या जनरल रजिस्टरातील एक जून ही तारीख म्हणूनच पुरावा असूनही पुरी खात्री देत नाही. याचा अर्थ ती टाकाऊ आहे असाही नव्हे. एक जूनला खरोखर जन्मलेली माणसेही असतातच. तिला दुसऱ्या साधनाची जोड हवी, एवढेच.

जन्ममृत्यूची सक्तीची आणि देशभर एकसारखी नोंद करण्याचा कायदा १९६९ साली झाला. १८८६च्या जुन्या कायद्यात बव्हंशी ऐच्छिक नोंदीची सोय होती. तेव्हा आजच्या पाठ्यपुस्तकांत ज्यांचे परिचय येतात, त्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत जन्मदाखला नावाची वस्तू हाती येणेच अवघड. आधुनिक मराठी कवितेचे जनक केशवसुत यांच्याविषयीही १५ मार्च १८६६ आणि ७ ऑक्टोबर १८६६ अशा दोन जन्मतारखा दिलेल्या आढळतात. त्यांचा मृत्यू मात्र ७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळीस झाला, याबद्दल घोळ नाही. कारण उघड आहे. जन्माच्या वेळी ते मालगुंडच्या एका घरातले केवळ एक मूल होते, मृत्यूच्या वेळी कवी होते. केशवसुतांसारख्या युगप्रवर्तकाची ही स्थिती, तर मुलांच्या मासिकात वर्षानुवर्षे गोष्टी लिहिणाऱ्या एखाद्या प्राथमिक शिक्षकाची काय असेल, याची कल्पना करता येईल.

गाव तेच, जिल्हा कोणता?

तारखेनंतर येते गाव. रायगड जिल्ह्यापुरता विचार केला तरी हा प्रश्न किती गुंतागुंतीचा आहे हे ध्यानात येते. १९८१ पर्यंत या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. जुन्या परिचयात 'जन्म कुलाबा' असे वाचून पुढच्या लेखकाने त्या लेखकाला मुंबईच्या दक्षिण टोकाला नेऊन बसविले, तर तो दोष केवळ त्याचा नाही. किनाऱ्यावरील मुरूड, म्हसळे, श्रीवर्धन हा भाग १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता. १९२० साली श्रीवर्धनला जन्मलेल्या माणसाच्या शाळेची किंवा घराण्याची कागदपत्रे कुलाब्याच्या कलेक्टर कचेरीत शोधणाऱ्याला ती न मिळाल्यास नवल नाही. ती संस्थानी दप्तरात शोधायला हवीत. मुरूड तर कोकणात दोन आहेत : एक जंजिऱ्याशेजारचे, दुसरे दापोली तालुक्यातले, जेथे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे बालपण गेले. गोरेगाव एक माणगाव तालुक्यात आहे आणि दुसरे मुंबईत. नुसत्या गावाच्या नावावर विसंबणे म्हणजे अर्धा पत्ता लिहून पाकीट टपालात टाकण्यासारखे आहे.

कोकणी आडनावे तर या बाबतीत विशेष फसवी. आडनावाच्या शेवटी 'कर' आले की त्यापूर्वीचे गाव हेच जन्मगाव, अशी समजूत अनेक परिचयलेखकांनी करून घेतलेली दिसते. मुलांसाठी विपुल कविता लिहिणाऱ्या मंगेश पाडगावकरांचा जन्म १९२९ साली वेंगुर्ल्याचा. 'राणीची बाग' लिहिणारे विंदा करंदीकर जन्मले १९१८ साली देवगड तालुक्यातील धालवलीला. आडनाव घराण्याचा मूळ ठावठिकाणा सांगते, माणसाचा नव्हे. विंदांच्या जन्मगावापुढे 'सिंधुदुर्ग जिल्हा' असे लिहिताना हेही ध्यानात ठेवावे, की तो जिल्हा १९८१ साली निर्माण झाला. विंदा जन्मले तेव्हा ते गाव रत्नागिरी जिल्ह्यात होते. 'सध्याचा सिंधुदुर्ग जिल्हा' असा एक शब्द वाढविला की विधान निर्दोष होते. अचूकतेला पुष्कळदा एवढीच किंमत पडते.

स्त्री-लेखिकांच्या बाबतीत नावाचाही प्रश्न येतो. माहेरच्या नावाने लिहिलेल्या गोष्टी आणि सासरच्या नावाने लिहिलेली पुस्तके ही एकाच व्यक्तीची आहेत, हे ग्रंथालयाच्या तालिकेवरून कळत नाही. काही वेळा एका लेखिकेच्या दोन लेखिका होतात आणि दोघींचेही काम अर्धे दिसू लागते. आद्याक्षरांची आपली रीतही गोंधळाला हातभार लावते. 'भा. रा.' म्हणजे कवी तांबेही आणि 'फास्टर फेणे'चे जनक भागवतही. पूर्ण नाव एकदा तरी छापले जाणे त्यासाठी अगत्याचे आहे.

श्याम आणि पांडुरंग

महाराष्ट्रात ज्यांचे चरित्र प्रत्येक मुलाला ठाऊक आहे असे वाटते, ते बालसाहित्यिक म्हणजे साने गुरुजी. पण हे चरित्र बहुतेकांना ठाऊक असते ते चरित्रग्रंथातून नव्हे, तर 'श्यामची आई' या पुस्तकातून आणि त्यावरून आचार्य अत्रे यांनी १९५३ साली काढलेल्या चित्रपटातून. २०२३ साली त्याच कथेवर पुन्हा एक चित्रपट आला. पांडुरंग सदाशिव साने हे नाव मागे राहिले आणि श्याम हेच त्यांचे बालपण झाले.

येथे पारख करावी लागते ती फार हळुवारपणे. 'श्यामची आई' हे आत्मचरित्रात्मक लेखन आहे यात शंका नाही. गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी दापोली तालुक्यातील पालगडला झाला. आईचे नाव यशोदा. ती १९१७ साली वारली. पुस्तकातील घर, गरिबी, माउलीची शिकवण यांचा गाभा त्या जीवनातलाच आहे. तरीही लेखकाने नायकाला आपले नाव दिले नाही. आश्रमात मित्रांना रात्री-रात्री सांगितलेल्या आठवणी असा घाट त्यांनी योजिला आणि नाशिकच्या तुरुंगात १९३३च्या फेब्रुवारीत, अवघ्या पाच दिवसांत, ९ ते १३ तारखांच्या दरम्यान तो पुरा केला. सोळा वर्षांपूर्वी वारलेल्या आईविषयी तुरुंगातल्या मुलाने लिहिलेले हे पुस्तक आहे. त्यातील भावना खरी आहे म्हणून त्यातला प्रत्येक संवाद, प्रत्येक प्रसंगाचा क्रम शब्दशः घडला असे मानणे, हा लेखकावरही अन्याय होय. त्याने कादंबरीकाराचे स्वातंत्र्य घेतले असेल, तर ते त्याचे सामर्थ्य आहे. 'श्यामच्या बालपणी असे घडले' हे वाक्य आणि 'साने गुरुजींच्या बालपणी असे घडले' हे वाक्य, यांच्यामधील अंतर शिक्षकाने वर्गात राखले, तर साहित्य आणि चरित्र यांतला भेद मुलांना सहज कळेल.

याच पुस्तकाच्या बाबतीत आणखी एक चूक वारंवार घडते. लेखनाचे साल हेच प्रकाशनाचे साल म्हणून दिले जाते. तुरुंगात पूर्ण झालेली वही बाहेर येऊन, छापून वाचकांच्या हाती पडायला अवधी लागतो. पहिल्या आवृत्तीचे मुखपृष्ठ आणि प्रस्तावनेखालची तारीख ही दोन्ही पाहिल्याशिवाय साल लिहू नये, हा नियम पाळला तर असल्या चुका निम्म्याने कमी होतील.

रायगडशी गुरुजींचा संबंध आहे तो माणगाव तालुक्यातील वडघर येथील साने गुरुजी राष्ट्रीय स्मारकामुळे. सहलीला गेलेल्या मुलांना तेथे गुरुजींच्या विचारांची ओळख होते. मात्र स्मारक म्हणजे जन्मस्थान नव्हे, हे सोबतच्या शिक्षकाने आवर्जून सांगितले पाहिजे. नाही तर सहलीवरच्या निबंधातूनच एक नवी दंतकथा जन्माला येईल. पेण तालुक्यातील गागोदे हे विनोबांचे जन्मगाव, ११ सप्टेंबर १८९५ रोजी ते तेथे जन्मले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि ती उतरून घेतली साने गुरुजींनी. ही हकीकत इतकी निःशंकपणे सांगता येते, कारण ती घडत असतानाच एक जागरूक माणूस हातात लेखणी घेऊन बसलेला होता. चरित्राच्या शास्त्रातला पहिला धडा तोच आहे : प्रसंगाच्या जितकी जवळची नोंद, तितकी ती मोलाची.

परदेशातील दाखले

हा रोग केवळ मराठीला जडलेला नाही. 'जंगल बुक'चा कर्ता रुडयार्ड किपलिंग ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत जन्मला. त्याचे वडील लॉकवुड किपलिंग जे. जे. कलाशाळेत शिकवीत आणि मुलाच्या या पुस्तकातील काही चित्रे त्यांनीच काढली. मांडव्याची लाँच पकडून मुंबईला जाणाऱ्या रायगडकराला कलाशाळेच्या आवारातील 'किपलिंग बंगला' म्हणून जी वास्तू दाखविली जाते, ती मात्र १८८२च्या सुमाराची आहे. म्हणजे लेखक सोळा-सतरा वर्षांचा झाल्यावर ती उभी राहिली. जागा तीच, घर ते नव्हे. ज्या भिंतींकडे पर्यटक भक्तिभावाने पाहतात त्या भिंतींनी त्याचा पहिला टाहो ऐकलेला नाही.

'मेरी पॉपिन्स'च्या लेखिकेचा दाखला याहून बोलका आहे. पी. एल. ट्रॅव्हर्स या नावाने जग जिला ओळखते ती साने गुरुजींच्याच जन्मसाली, १८९९ मध्ये, ऑस्ट्रेलियातील मेरीबरो गावी हेलन लिंडन गॉफ म्हणून जन्मली. आपल्या पूर्वायुष्यावर तिने हयातभर पडदा राखला. म्हणजे लेखकाने स्वतः दिलेली माहितीही पारखूनच घ्यावी लागते. माणूस आपल्याविषयी खोटे बोलतो असे नव्हे, पण तो निवड करतो, विसरतो, कधी लपवितोही. अमेरिकेतील लाडके बालसाहित्यिक डॉ. स्यूस यांच्या नावातील 'डॉ.' ही त्यांनी स्वतःच लावलेली गंमत होती आणि 'स्यूस' हे त्यांच्या आईचे माहेरचे आडनाव. सन्मान्य पदवी त्यांना पुष्कळ पुढे मिळाली. टोपणनावाचा असा उलगडा झाल्याने वाचकाचा आनंद उणावत नाही, उलट वाढतोच.

चित्र ओळखीचे, चित्रकार अनोळखी

लेखकांची ही अवस्था, तर चित्रकारांविषयी काय सांगावे? 'चांदोबा'तील खांद्यावर वेताळ घेतलेला विक्रम राजा महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांच्या डोळ्यांपुढे आहे. त्या चित्राखालची सही 'शंकर' एवढीच असे. हे शंकर म्हणजे मद्रासचे के. सी. शिवशंकरन, १९२४ साली जन्मलेले आणि २०२० साली वारलेले. त्याच काळात दिल्लीत मुलांच्या पुस्तकांच्या क्षेत्रात दुसरे एक शंकर नावारूपास आले होते : व्यंगचित्रकार के. शंकर पिल्लई, ज्यांनी १९५७ साली चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट स्थापन केला आणि जे १९८९ साली निवर्तले. दोघे दक्षिणेतले, दोघे चित्रकार, दोघेही मुलांचे, आणि सही एकच. एकाचा परिचय दुसऱ्याच्या नावावर जायला याहून अधिक काय लागते?

मराठी चित्रकारांचे तर आणखी एक दुखणे आहे. राम वाईरकर यांनी 'अमर चित्र कथा'साठी चित्रे काढली, 'टिंकल'मधील सुपंडी रेखाटला. पण ही प्रकाशने इंग्रजीतून निघाली, त्यांतील नावे रोमन लिपीतून छापली गेली आणि तेथून परत मराठीत येताना आडनावाची रूपे बदलत गेली. ज्याच्या हाताने लाखो मुलांना हसविले, त्याचे आडनाव त्याच्याच भाषेत धड लिहिले जाऊ नये, हा दैवदुर्विलास म्हणायचा. दीनानाथ दलाल किंवा रघुवीर मुळगावकर यांच्यासारख्यांची मुखपृष्ठे गाजली, म्हणून त्यांची नावे टिकली. परंतु मुलांच्या मासिकांत आतल्या पानांवर कोपऱ्यात एखादे आद्याक्षर टाकून चित्रे देणारे कितीतरी कलावंत आज केवळ त्या अक्षरापुरते उरले आहेत. 'बालभारती'च्या पाठ्यपुस्तकांत श्रेयपृष्ठावर चित्रकाराचे नाव छापले जाते, ही स्वागतार्ह प्रथा आहे. पण लेखकाचा परिचय पाठापाशी येतो, तसा चित्रकाराचा कोठेच येत नाही.

मृत्यूचे साल आणि हक्काचा हिशेब

एखादी तारीख चुकली तर मुलांचे काय बिघडते, असे कोणी विचारील. या प्रश्नाचे एक उत्तर रोकडे आहे. १९५७च्या लेखाधिकार कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे त्याच्या कृतीवर हक्क चालतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती, ती १९९२ साली वाढविण्यात आली. साठ वर्षे मोजायची ती मृत्यूनंतरच्या एक जानेवारीपासून. साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी जगाचा निरोप घेतला, तेव्हा त्यांच्या लेखनावरील हक्क २०१०च्या अखेरीस संपला आणि पुढे त्यांची पुस्तके कोणीही छापू शकला. मंगेश पाडगावकर वारले ३० डिसेंबर २०१५ रोजी. तोच मृत्यू दोन दिवसांनी झाला असता, तर हक्काची मुदत पुऱ्या एका वर्षाने वाढली असती. वर्षाच्या कडेला झालेल्या मृत्यूची तारीख म्हणूनच निष्काळजीपणे लिहिण्याची गोष्ट नव्हे.

निनावी कृतींची स्थिती याहून गंभीर आहे. ज्या चित्राचा कर्ता अज्ञात आहे, त्याची साठ वर्षे प्रकाशनापासून मोजली जातात. ती संपण्यापूर्वी कर्त्याची ओळख पटली, तर हिशेब त्याच्या मृत्यूपासून होतो. १९७० साली एखाद्या तिशीतल्या चित्रकाराने मुलांच्या पुस्तकात बिननावाची चित्रे काढली आणि तो २०१० पर्यंत जगला असे समजा. नाव लागले तर हक्क २०७०च्या अखेरपर्यंत राहील, न लागले तर २०३० सालीच संपेल. चाळीस वर्षांचा हा फरक केवळ एका नावाच्या पडताळणीवर अवलंबून आहे. पुष्कळ चित्रकारांनी एकरकमी मोबदला घेऊन हक्क देऊन टाकलेले असतील, हे खरे. पण ते दिले होते की नव्हते, हे शोधण्यासाठीसुद्धा माणूस कोण होता हे आधी कळावे लागते.

दुसरे उत्तर पैशाचे नाही. मूल ज्या वयात सत्य म्हणजे काय हे शिकते, त्याच वयात त्याला न पारखलेली माहिती पाठ करायला लावणे हा विश्वासाचा भंग आहे. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली 'बालबोध' मासिक सुरू केले आणि त्यातून शेकडो थोरांची चरित्रे मराठी मुलांपुढे ठेवली. मुलांसाठी चरित्र लिहिणे हे आपल्या बालवाङ्मयाचे आरंभापासूनचे कार्य आहे. ते ज्यांनी केले, त्यांचेच चरित्र सैलपणाने लिहिले जावे हे शोभत नाही.

पारखावे कसे आणि किती?

यासाठी मोठे संशोधन खाते लागत नाही. शिक्षक, ग्रंथपाल आणि दोन-चार उत्साही विद्यार्थी पुरेत. आधी शिवरामपंत नव्हे तर सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा १९४६चा 'अर्वाचीन चरित्रकोश', मराठी विश्वकोश, शंकर गणेश दाते यांची १८०० ते १९३७ या काळाची 'मराठी ग्रंथसूची' ही साधने चाळावीत. पण तेथेच थांबू नये, कारण कोशही माणसांनीच केलेले असतात आणि एका कोशाने दुसऱ्याचे घेतलेले असते. तीन पुस्तकांनी एकच तारीख दिली, तर ते तीन पुरावे नव्हेत. तिघांनी एकाच विहिरीचे पाणी भरले असेल, तर विहीर एकच. मग पुस्तकांच्या पहिल्या आवृत्त्या, अर्पणपत्रिका, प्रस्तावनेखालचे गाव व तारीख पाहावी. १८६७च्या मुद्रणविषयक कायद्यामुळे मुंबई इलाख्यात छापलेल्या पुस्तकांच्या तिमाही याद्या निघत. त्यांत कर्ता, मुद्रक, प्रसिद्धीची तारीख, प्रतींची संख्या आणि किंमतही असे. त्यानंतर शाळेचे जनरल रजिस्टर, ग्रामपंचायतीची वा नगरपालिकेची मृत्यूनोंद, मासिकांतील श्रद्धांजलीचे लेख, आणि सरतेशेवटी कुटुंबीयांची आठवण. आठवणीला शेवटचे स्थान द्यायचे ते तिचा अनादर म्हणून नव्हे. आधी कागद पाहून गेलेल्या माणसालाच नेमका प्रश्न विचारता येतो, म्हणून.

दोन साधनांत विरोध आला तर दोन्ही द्यावीत आणि कोणते अधिक विश्वसनीय व का, हे एका वाक्यात सांगावे. आणि सर्व काही पारखावे याचा अर्थ सर्व काही छापावे असा नाही. जात, आजार, घरगुती कलह, राहता पत्ता यांचा लेखनाशी संबंध नसेल तर ते मुलांच्या पुस्तकात येण्याचे कारण नाही. हयात लेखक-चित्रकारांना तर विचारूनच लिहावे. साने गुरुजींनी आपले जीवन स्वतःच संपविले, हे सत्य लहान मुलांच्या परिचयात सांगावेच असे नाही. पण मोठ्या विद्यार्थ्याने विचारले असता शिक्षकाने ते नाकारू नये. मौन पाळणे वेगळे आणि खोटे सांगणे वेगळे.

वेळ थोडा आहे

या कामाला किनाऱ्यावर विशेष निकड आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, म्हसळे या भागांत हजारो छपरे उडाली. २०२१च्या जुलैत महाड पुराखाली गेले, तसे ते २००५ सालीही गेले होते. अशा संकटात माणसे आधी जीव वाचवितात, मग धान्य, मग जमिनीचे कागद. माळ्यावरची जुनी मासिके, पोटमाळ्यातल्या वह्या आणि शाळेच्या कपाटातली रजिस्टरे कोणाच्याच यादीत नसतात. वादळ आले नाही तरी खारी हवा आणि वाळवी आपले काम करीतच असतात. त्याबरोबर ती पिढीही वृद्ध होत आहे, जिने पन्नास-साठ सालांतील मासिकांच्या कचेऱ्या पाहिल्या आणि कोपऱ्यातले ते आद्याक्षर कोणाचे हे जिला ठाऊक आहे.

तेव्हा रायगडमधील प्रत्येक माध्यमिक शाळेने वर्षाला एकाच बालसाहित्यिकाचे किंवा चित्रकाराचे एकच पान तयार करावे. प्रत्येक विधानापुढे ते कोठून घेतले हे लिहावे, जे सापडले नाही ती जागा कोरी ठेवावी आणि ते पान गावच्या वाचनालयात जमा करावे. जुनी रजिस्टरे निदान छायाचित्रे काढून जतन करावीत, ही तर आज प्रत्येकाच्या खिशातल्या यंत्राने होणारी गोष्ट आहे. पाठ्यपुस्तक मंडळाने अशी पाने मागवून घेऊन लेखकपरिचय तपासावेत आणि त्यांच्या शेजारी चित्रकारालाही दोन ओळींची जागा द्यावी. पडताळणीचे श्रम एकाला पडतात आणि लाभ सर्वांना होतो, म्हणून ती कोणीच करीत नाही, ही सार्वजनिक हिताच्या सर्वच कामांची रड आहे. तिच्यावर उपाय एकच : ज्यांचा तो नित्याचा व्यवसाय आहे, त्या शाळांनी आणि वाचनालयांनी ते काम आपले मानावे. कोऱ्या ठेवलेल्या जागा भरायला पुढच्या वर्षीचे विद्यार्थी असतीलच.